यामिनी मॅडम आणि विहीणबाईंची साडी

अकोटा, बडोदे
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप वसुताईस,

धाकट्या दीनानाथचा वाकून नमस्कार (कमरेला झेपेल तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनाने).

तुझी तब्येत कशी आहे? दिनकररावांचा नवा गुडघा आता वळतो का, की अजून पाय समोर ताठ ठेवून गावच्या पाटलासारखे बसतात? आमच्याकडे थंडी नेहमीचीच, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. मागच्या पत्रात तू शेजारच्या अवनीकडून लिहवून घेतलंस की माझं अक्षर हल्ली लागत नाही, मुंग्या पळाल्यासारखं दिसतं. ते माझ्या मनाला लागलं. रिफायनरीत अख्खा जन्म सेफ्टी खात्यात गेला. मी लिहिलेल्या सूचना लोक लांबून वाचायचे आणि पळायचे. तरी तुझा मान राखून या वेळी वाटाण्याएवढं अक्षर काढतो आहे, त्यामुळे पानं वाढली आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला पहिलं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचं आहे ते मधेच तुटलं तर भलतंच ऐकू येईल. (शिवाय फोन या वस्तूविषयी सध्या घरात कुणी बोलत नाही. ते पुढे येईल.)

इरासाठी तू केलेले हलव्याचे दागिने सुखरूप पोचले, एक दाणा निखळला नाही. दिनकररावांच्या ऑपरेशनमुळे तुला नीलच्या लग्नाला येता आलं नाही, त्यामुळे आपली सूनबाई तू अजून फोटोतच पाहिली आहेस. मुलगी गोड आहे. हलव्याची ठुशी हातात घेऊन तिने मला विचारलं की हे खरंच साखरेचं आहे का, आणि मी हो म्हटल्यावर खात्री करायला चाटून बघितलं. तुझ्या दागिन्यांची पहिली परीक्षा अशी झाली. दुसरी कशी झाली त्याचंच हे पत्र आहे.

आता मुळापासून, म्हणजे टीव्हीपासून सांगतो. धनुर्मासात इथले लोक शुभकार्यं बंद ठेवतात, त्यामुळे मंदाकिनीला जायला समारंभ उरत नाहीत. नीलने तिला एक हिंदी मालिका लावून दिली. पहिला सीझन तिने भाजी निवडता निवडता संपवला. दुसऱ्या सीझनला भाजी निवडणं बंद झालं आणि आम्ही बटाट्यावर आलो. मालिका राजकारणाची. दिल्लीत कुणी यामिनी मॅडम आहे. तिच्या ऑफिसला पाटी नाही, पण झाडून सगळे मंत्री तिच्या दारात चपला काढतात. कुणाच्या मेहुण्याने जमीन लाटली, कुणाची नको ती चित्रफीत फिरायला लागली, की हिला बोलावणं जातं. ही येते, चष्मा काढून टेबलावर ठेवते आणि मंत्र्याला गप्प बसायला सांगते. अख्ख्या दुसऱ्या सीझनभर एकच मुख्यमंत्री आहे. त्याची खुर्ची प्रत्येक भागात जाते आणि भाग संपता संपता ही बाई ती परत आणून देते. (तो इतका बावळट आहे की मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटायला लागला होता.) मी मंदाकिनीला एकदा म्हटलं, आमच्याकडे याच्या उलट शिकवायचे. धूर दिसला की आधी भोंगा वाजवायचा, मग माणसं मोजायची, चूक कुणाची ते सगळ्यात शेवटी. ही बाई तर आधी भोंग्याची वायर कापते. त्यावर मंदाकिनी म्हणाली, म्हणूनच तुम्ही बडोद्यात रिटायर झालात आणि ती दिल्ली चालवते. शेवटचा भाग तेवढा बघायचा राहिला होता, कारण तिळगुळाचा पाक अंगावर आला.

संक्रांतीला आपण काळं नेसतो, नव्या सुनेला चंद्रकळा घेतो, हे तुला सांगायला नको. अकोट्यात आमच्या हळदीकुंकवाला शेजारच्या गुजराती बायका हौसेने येतात, काळ्या साड्यांना हात लावून बघतात, वाण घेऊन हसत घरी जातात. तीन पिढ्या हेच पाहिल्यामुळे आमची अशी समजूत की अख्ख्या गुजरातला हे ठाऊक आहे. पुण्याच्या माणसाने ही चूक केली नसती. तो परका म्हणून आला असता, त्याने आधी चौकशी केली असती. बडोद्याचा मराठी माणूस चौकशी करत नाही, कारण त्याला वाटतं आपण इथलेच. तर इराला चंद्रकळा घेताना मंदाकिनीच्या मनात आलं, सुनेला साडी आणि विहिणीला नुसता तिळगूळ, हे बरं दिसत नाही. म्हणून तिने विहीणबाईंनाही एक घेतली. काळीभोर, रेशमी, बारीक जरीकाठ. मीही बघितली आणि छान म्हणालो. मी छान म्हणालो हे लक्षात ठेव, पुढे ते माझ्याविरुद्ध वापरण्यात आलं.

विहीणबाई म्हणजे सरयूबेन. मंडळी मूळ जामनगरची. हर्षदभाईंनी पितळी भागांचा कारखाना इकडे मकरपुऱ्यात आणला, तेव्हापासून मांजलपूरला राहतात. सरयूबेन अस्सल काठियावाडी, बोलायला सरळ आणि वाढायला त्याहून सरळ, नको म्हणालेलं ऐकूच येत नाही. डिसेंबरात हर्षदभाईंच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट घातले, नाताळच्या सुमारास घरी आले. हे सगळं आम्हाला माहीत होतं. मी स्वतः दवाखान्यात डबा घेऊन गेलो होतो. आणि तरीही उत्तरायणच्या सकाळी नील आणि इरा पतंग उडवायला मांजलपूरला निघाले, तेव्हा आम्ही त्यांच्या हातात ती साडी दिली.

धाब्यावर (आपली गच्ची) सगळं गोत जमलेलं. हर्षदभाईंची थोरली बहीण, सगळे तिला फईबा म्हणतात, जामनगरहून भावाला बघायला आली होती. खोका तिने उघडला. ताई, त्यांच्याकडे जुन्या बायकांत काळा साडला कुणाला देतात माहीत आहे? नवरा गेलेल्या बाईला. आणि इथे नवरा नुकताच दवाखान्यातून आलेला, कानटोपी घालून खुर्चीत बसून चिक्की खातोय. फईबांनी साडी पाहिली, भावाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या गच्चीवर स्पीकर कोकलत होता, पण आमच्या व्याह्यांच्या गच्चीवर सगळ्या फिरक्या खाली ठेवल्या गेल्या. नीलने हे सगळं आम्हाला निरोपात लिहिलं, साडीचा घोटाळा झालाय, फईबा रडतायत, आणि पुढे एक रडका चेहरा. तो वाचेपर्यंत सरयूबेनचा फोन वाजायला लागला.

मी फोनकडे हात नेला. मंदाकिनीने तो उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला. पहिल्या तासात जो बोलतो तो हरतो, असं यामिनी मॅडमचं वचन आहे. फोन तांदळात वाजत राहिला. मी म्हटलं, अगं भोंगा वाजतोय. ती म्हणाली, वाजू दे, आधी काय सांगायचं ते ठरवू. दुपारी पुन्हा वाजला, संध्याकाळी पतंगांच्या दोऱ्याला कंदील सोडायच्या वेळी पुन्हा वाजला. आम्ही उंधियू खाल्लं, पण त्याला चव लागली नाही. दिवेलागणीला नील एकटा आला. पप्पांना बरं वाटत नाही म्हणून इरा थोडे दिवस तिकडे राहील, एवढंच म्हणाला आणि खोलीत गेला. पप्पा सकाळी चिक्की खात होते.

तेव्हापासून ती आलेली नाही. खरं सांगतो ताई, घर खायला उठलंय. लग्नाला दोन महिने झाले नाहीत आणि ही पोर इतकी रुळली होती की माझ्या चहात चोरून साखर कमी घालायची आणि मी भांडलो की जीभ दाखवायची. आता साखर पुरेशी असते आणि चहा तसाच राहतो. रथसप्तमीपर्यंत तिचं पहिलं हळदीकुंकू व्हायला हवं, तुझे दागिने घालून, पाटावर बसवून. मंदाकिनीने बायकांना सांगून ठेवलंय. दिवस थोडे उरलेत आणि पाटावर बसवायला सूनच नाही.

साध्या माणसाने या जागी मांजलपूरची रिक्षा केली असती. आम्ही दुसऱ्या सीझनचा चौथा भाग पुन्हा बघितला. त्यात मुख्यमंत्र्याची भानगड दाबायला यामिनी मॅडम त्याहून मोठी बातमी सोडते. आमच्या घरात साडीपेक्षा मोठी बातमी कुठली? तर माझा पाय. मंदाकिनीने माझ्या उजव्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकलं की बाथरूममध्ये घसरले. (सेफ्टी खात्यातला माणूस बाथरूममध्ये घसरला, ही बदनामी मी मुकाट्याने सोसली.) तिचा हिशेब असा की चार लोक हळहळतील आणि साडी मागे पडेल. पण सरयूबेन हळहळून थांबणाऱ्यातल्या नव्हेत. तासाभरात गूळतुपाच्या सुखडीचा डबा आणि कसलासा लेप घेऊन त्या हजर, आणि मागोमाग हर्षदभाई, स्टेंट घातलेलं काळीज घेऊन, आमचे दोन जिने चढून, धापा टाकत, माझा धडधाकट पाय बघायला. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवून विचारलं, बहु दुखे छे? मला इतकी लाज वाटली की खरोखरच कुठेतरी दुखायला लागलं.

सरयूबेनने त्या भेटीत दोन-तीनदा साडीचा विषय काढायचा प्रयत्न केला. पण ठरलं असं होतं की साडी हा शब्द आला की मी कण्हायचं. मी कण्हत होतो आणि त्या बिचाऱ्या शब्द गिळून लेप लावत होत्या. शेवटी कण्हण्याचाही उपयोग होईना, तेव्हा मंदाकिनीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला कळलं की आता कुणीतरी बळी जाणार. यामिनी मॅडमच्या हिशेबात बळी असा हवा की जो गावाबाहेर आहे, समोरच्यांनी पाहिलेला नाही, आणि ज्याच्यावर कुणाला रागावता येणार नाही. ताई, हे पुढचं बसून वाच.

मंदाकिनीने सांगितलं की ती साडी आमच्या मिरजेच्या वन्संनी पाठवली. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हल्ली काही दिसत नाही, दुकानदाराने डाळिंबी म्हणून काळी गळ्यात मारली, आणि आम्ही खोका न उघडता पुढे दिला. हे ती इतक्या सहज बोलली की क्षणभर मलाही तुझी काळजी वाटली. सरयूबेनने लेपाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, हलव्याचे दागिने त्यांनीच केलेत ना? इराने फोटो दाखवला मला. आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. खसखशीएवढे दाणे सुईने ओवणारी बाई आंधळी कशी? पण मंदाकिनी डगमगली नाही. म्हणाली, बोटांच्या अंदाजाने करतात. सरयूबेनने दागिने मागून घेतले, खिडकीशी नेले, पुष्कळ वेळ बघत बसल्या, आणि परत आल्या त्या डोळे पुसतच. तिथल्या तिथे त्यांनी माताजीची बाधा घेतली. बाधा म्हणजे एखादी आवडीची वस्तू सोडायची, नवस फिटेपर्यंत. वसुताईंच्या डोळ्यांचा इलाज होईपर्यंत मी चहा पिणार नाही, म्हणाल्या. ज्या बाईच्या घरी गॅसवरून चहाचं पातेलं उतरत नाही, तिने. शिवाय त्यांचा भाचा डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्यालाही तिथूनच फोन लावला.

त्या गेल्यावर मंदाकिनी म्हणाली, बघा, पटलं त्यांना. पण तिचा आवाज काही यामिनी मॅडमसारखा नव्हता.

असो. दिनकररावांना नमस्कार सांग. जिने चढू नकोत म्हणावं. तुम्हा दोघांचा आशीर्वाद असावा.

तुझा धाकटा भाऊ,
दीनानाथ

ता.क. पत्र लिहिण्याचं कारण सांगायचं राहिलंच. तू रथसप्तमीच्या आत इकडे ये आणि दोन दिवस तुला काही दिसत नाही असं वाग. फार नाही. वर्तमानपत्र वाचायचं नाही, कुणाच्या साडीच्या रंगावर बोलायचं नाही, ताटातला खडा दिसला तरी तो चावायचा. काळा चष्मा मंदाकिनी इथे घेऊन ठेवते. डॉक्टर भाच्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, तिसरा सीझन यायचा आहे. इराला घरी आणायचा दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही, नाहीतर तुला या वयात हे सांगितलं नसतं.

ता.क. दुसरा, बुधवार. पाकीट चिकटवायचं होतं तोच दार वाजलं. मी पायाला बँडेज गुंडाळायला धावलो (धावलो, हे दारातून दिसलं). सरयूबेन आणि मागे इरा. ताई, सरयूबेनच्या अंगावर तीच साडी होती, काळीभोर, गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर घेतलेली, आणि अशी शोभत होती की मंदाकिनीच्या तोंडून आपसूक छान निघून गेलं. मग कळलं ते असं. फईबा रडल्या हे खरं. पण सरयूबेनना त्याच दिवशी गच्चीवर इराने सांगितलं होतं की मराठ्यांत हे संक्रांतीला नेसतात, सौभाग्याचं आहे. तेव्हाच त्यांनी फोन केला, तो नेसायची कशी, पोलकं कुठलं घालायचं आणि फईबांना समजेल असं दोन शब्दांत कसं सांगायचं, हे विचारायला. दुसरा फोनही त्यासाठीच. तिसरा मात्र आम्हाला काय झालं म्हणून काळजीने. माझ्यासमोर उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "साडीनुं तो ठीक, दीनानाथभाई. फोन केम नो उपाड्यो?" फोन का नाही उचललात. मी पायाचं अर्धवट बँडेज सोडायला लागलो. मंदाकिनी रडली आणि सगळं खरं सांगून मोकळी झाली, तांदळाच्या डब्यासकट. इरा त्याच कारणाने रागावली होती, साडीसाठी नव्हे, आणि आम्ही स्वतःहून फोन करेपर्यंत काही सांगायचं नाही असं तिने नीललाही बजावलं होतं. माझ्या आईचा फोन वाजत राहिला आणि तुम्ही जेवत होतात, म्हणाली. मी तिची माफी मागितली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या चहात साखर कमी घालून आली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सीझनचा शेवटचा भाग बघितला. यामिनी मॅडम त्यात पार तोंडावर आपटते. तो भाग आधी बघितला असता तर माझा पाय वाचला असता.

ता.क. तिसरा, आणि हा खरा. वरचं आंधळ्याचं सोंग रद्द समज. पण तू ये. चहा आला तेव्हा सरयूबेनने कप बाजूला सारला. मी म्हटलं, अहो, मोतीबिंदूची गोष्ट खोटी होती, आता बाधा कसली? तर म्हणाल्या, मंदाबेनचं मी तेव्हाही खरं मानलं नव्हतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाधा मी दागिने बघून घेतली. त्यांनी तुझे झुमके माझ्या हातात ठेवले. ताई, उजव्यात सगळे दाणे पांढरेशुभ्र आहेत. डाव्यात मधेमधे फिकट पिवळे आले आहेत, विस्कळीत, नक्षी नसलेले. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ते पाहिले होते आणि यंदाची फॅशन समजून गप्प बसलो होतो. सरयूबेनची आई भरतकाम करायची. तिने एका तोरणात पांढऱ्याच्या जागी असाच पिवळा दोरा घातला होता, आणि घरात कुणाच्या लक्षात येईपर्यंत तिची नजर गेली होती. मग मला तुझं मागचं पत्र आठवलं. माझं अक्षर काढून बघितलं, जुन्या डायऱ्यांतलं आणि आताचं शेजारी ठेवून. ते बदललेलं नाही गं ताई. नीलने तुम्हा दोघांची तिकिटं काढली आहेत, मिरजेहून थेट गाडी आहे, भाच्याने वेळ देऊन ठेवली आहे. सोंग घ्यायचं नाही, फक्त डोळे दाखवायचे. तोवर इकडे विहीणबाईंना चहा नाही, आणि त्यांच्या समोर आम्हालाही घशाखाली उतरत नाही.

अवनी, हे पत्र बहुतेक तूच वाचून दाखवत असशील, म्हणून शेवटचं तुला लिहितो. ताई म्हणेल मला सगळं दिसतंय, दीनाला काय कळतंय. तिच्याशी वाद घालू नकोस. एक पांढरा दोरा घे, एक फिकट पिवळा घे, दोन्ही तिच्या हातात दे आणि पांढरा कुठला ते विचार. ती काय म्हणाली ते मला लगेच फोन करून सांग. फोन मी उचलीन.